धर्मापुरीकर : एका विरळ आडनावाची उलटतपासणी

धर्मापुरीकर हे मराठीतले विरळ आडनाव आहे. बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यात धर्मापुरी नावाचे गाव आहे. त्या नावाला 'कर' प्रत्यय लागून हे आडनाव तयार झाले, एवढे मराठी माणसाला ऐकताक्षणी कळते. वाचकांना ते परिचित आहे ते मुख्यतः नांदेडचे कथाकार मधुकर धर्मापुरीकर यांच्यामुळे. व्यंगचित्रांचा त्यांचा संग्रह आणि अभ्यास, तसेच आर. के. नारायण यांच्या 'मालगुडी डेज'चा त्यांनी केलेला मराठी अनुवाद अनेकांच्या वाचनात आलेला असतो. आडनावाचा अर्थ असा सहज लागला, तरी एखाद्या घराण्याचा उगम त्याने सिद्ध होतो का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्याबाबत दोन भूमिका घेता येतात. गाव नावातच आहे, तेव्हा आडनाव हाच पुरावा, ही पहिली. आडनाव हा फक्त दावा आहे आणि पुरावा दप्तरात शोधायचा, ही दुसरी. पहिली भूमिका येथे इतिहासाच्या एका निवृत्त शिक्षकाच्या तोंडी घातली आहे, दुसरी अंबाजोगाईच्या एका वकिलाच्या. जमिनीच्या दाव्यांत जुने कागद लावण्यात या वकिलांची हयात गेली आहे. दोघेही कल्पित आहेत. त्यांनी मांडलेली गावे, माणसे आणि सनावळ्या मात्र खऱ्या आहेत.

गुरुजी : "वकीलसाहेब, सुरुवात गावापासूनच करू. धर्मापुरी म्हणजे काही दहा घरांची वाडी नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं केदारेश्वराचं देऊळ तिथं आजही उभं आहे. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्या घराण्यातल्या सहाव्या विक्रमादित्यानं १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षं राज्य केलं, आणि मराठवाड्यातली कितीतरी देवळं त्या शतकाच्या आगेमागे उभी राहिली. केदारेश्वराच्या बाहेरच्या भिंतींवर ओळीनं सुरसुंदरी कोरल्यात. गावात भुईकोट किल्ला आहे, शिलालेख आहेत. असल्या गावाचं नाव माणसानं अभिमानानं लावलं तर त्यात नवल काय?"

वकीलसाहेब : "गुरुजी, गाव मोठं होतं हे मान्य. देऊळ पाहिलंय मी, किल्लाही पाहिलाय. तटाच्या भिंतीत जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेत, तेही पाहिलंय. पण आडनाव काही चालुक्यांच्या काळातलं नाही. गावाच्या इतिहासाचं वय आडनावाला चिकटवू नका. शिलालेखांत माणसं नावानं, बापाच्या नावानं, पदानं ओळखली जातात. कुलनाम बापाकडून मुलाकडं न बदलता जायचं, ही रीत फार पुढची."

वकिलांचा हा आक्षेप रास्त आहे. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत माणसाची ओळख नाव, वडिलांचे नाव, हुद्दा आणि मौजे अशा मिळून पटवली जाई. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, पाटील, जोशी हे आधी हुद्दे होते, मग त्यांची आडनावे झाली. आडनाव कायमचे बांधले गेले ते मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात, जेव्हा शाळेच्या नोंदवहीत, नोकरीच्या यादीत आणि कोर्टाच्या कागदावर एकाच माणसाने सगळीकडे एकच नाव लिहिणे भाग पडले. मराठवाड्यात हे घडले निजामाच्या राजवटीत आणि तेही फारसी, उर्दू, मोडी अशा तीन प्रकारच्या लेखनातून. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

गावाच्या नावाचा अर्थ काय, यावरही दोघांचे पटत नाही.

गुरुजी : "धर्माची पुरी. शब्दच सांगतो. देऊळ, दानं, शिलालेख, म्हणजे धर्मकार्याचं ठाणं."

वकीलसाहेब : "मग धर्मपुरी म्हणा, धर्मापुरी कशाला? संस्कृत समासात तो काना येत नाही. आपल्याकडं शिवा, रामा, धर्मा ही गडीमाणसांची नावं आहेत. पुण्याजवळ शिवापूर आहे. तसं हे एखाद्या धर्माचं पूर नसेल कशावरून?"

गुरुजी : "बोलताना काना आपोआप लांबतो, साहेब. लोकांनी वापरून घडवलेलं रूप आहे ते."

दोन्ही व्युत्पत्ती व्याकरणाच्या दृष्टीने शक्य आहेत. एवढे मोठे शैव मंदिर असलेल्या ठाण्याला पहिली अधिक शोभते. परंतु आडनावाच्या अर्थाशी या वादाचा संबंध नाही. धर्मापुरीकर म्हणजे धर्मापुरीचा. त्यात धर्मही नाही आणि धर्मा नावाचा कोणी पूर्वजही नाही. परळीकर आडनावाचा वैजनाथाच्या पूजेशी जेवढा संबंध, तेवढाच धर्मापुरीकर या आडनावाचा धर्माशी. आडनावांच्या हौशी अर्थकोशांत गावाच्या नावाची फोड करून ती घराण्याच्या स्वभावाला लावण्याची चूक वारंवार दिसते.

तो काना मात्र दुसऱ्याच कारणाने मोलाचा आहे, कारण धर्मापुरी एकच नाही. तमिळनाडूत धर्मपुरी हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. जुन्या काळी त्या भागाला तगडूर म्हणत, आणि सेलमपासून तोडून १९६५ मध्ये स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात नर्मदेकाठी धरमपुरी आहे. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात धर्मपुरी आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्हा सोडून सोलापूर जिल्ह्यात पाऊल टाकते ते तिथेच, म्हणून वारकऱ्यांना ते नाव पाठ असते. तेलंगणात गोदावरीकाठी धर्मपुरी आहे. तिथले लक्ष्मीनृसिंहाचे क्षेत्र तेलुगू मुलखात प्रसिद्ध असून 'नरसिंह शतकम्' रचणारा शेषप्पा कवी तिथलाच. २०१६ पर्यंत हे गाव करीमनगर जिल्ह्यात होते, आता जगित्याल जिल्ह्यात आहे.

वकीलसाहेब : "हे शेवटचं गाव लक्षात ठेवा, गुरुजी. बाकीच्यांचं सोडून देऊ. तमिळनाडूतून कोणी मराठी 'कर' लावून येत नाही. पण तेलंगणातली धर्मपुरी आणि आपली धर्मापुरी, १९५६ पर्यंत दोन्ही एकाच राज्यात होत्या. बीड औरंगाबाद सुभ्यात, करीमनगर वरंगळ सुभ्यात, आणि वर हैदराबादेत सरकार एकच. नांदेडहून गोदावरीच्या काठानं खाली गेलं की बासर लागतं, आणखी खाली गेलं की धर्मपुरी. नांदेड, देगलूर, मुखेड, बिलोली या भागात तेलुगू आणि मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली, सोयरिकी झाल्या. तिकडच्या धर्मपुरीहून नांदेडला आलेलं एखादं घर मराठी झालं, त्यानं 'कर' लावला, तर तुम्ही त्याला केदारेश्वराच्या देवळात नेऊन बसवणार?"

गुरुजी : "तेलुगू घर 'कर' लावत नाही, साहेब. मुद्दा तिथंच संपतो. तेलुगूत घराच्या नावाला इंटिपेरु म्हणतात. ते गावावरून आलेलं असलं तरी गावाचं नाव जसंच्या तसं येतं, आणि तेही माणसाच्या नावाच्या आधी. निजामाबादचे काँग्रेसचे नेते डी. श्रीनिवास घ्या. त्यातला 'डी' म्हणजे धर्मपुरी. त्यांचे चिरंजीव धर्मपुरी अरविंद २०१९ पासून निजामाबादचे खासदार आहेत. धर्मपुरी आधी, नाव नंतर, प्रत्यय नाही."

वकीलसाहेब : "आणि मराठीत आल्यावर?"

गुरुजी : "मराठीत आल्यावरसुद्धा पुष्कळदा तसंच राहतं. मुखेडचे नागनाथ कोत्तापल्ले घ्या. मराठीतले नामवंत लेखक, चिपळूणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. कोत्तापल्ले म्हणजे तेलुगूत नवं गाव. घर पूर्ण मराठी झालं, तरी त्यांनी कोत्तापल्लेकर केलं नाही. दुसरी तऱ्हा 'वार' लावणाऱ्यांची. मुनगंटीवार, वडेट्टीवार. तो तेलुगूतला 'वारु', आदरार्थी माणसं. तेव्हा सीमाभागातल्या आडनावाचं शेपूट पाहिलं की ते कुठल्या भाषेत तयार झालं ते कळतं. 'कर' म्हटलं की घडण मराठीतली."

गुरुजींचा हा युक्तिवाद बराच पुढे नेणारा आहे, पण घडण मराठी असल्याने गाव मराठी ठरत नाही. हैदराबादकर, तंजावरकर, बडोदेकर ही नावेही मराठीच आहेत. येथे पारडे झुकवणारी गोष्ट म्हणजे तो काना. आडनाव धर्मापुरीकर असे लिहिले जाते, धर्मपुरीकर असे नव्हे. तेलंगणातले आणि माळशिरस तालुक्यातले गाव काना न देता लिहितात. परळी तालुक्यातले काना देऊन. हा भेद जुन्या लेखनातही टिकतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार आणि उकार यांचा भेद राखला जात नाही, म्हणून मोडीतल्या 'पुरी'वरून काही ठरत नाही. काना मात्र मोडीत लिहिला जातो. उर्दूत ऱ्हस्व अ लिहीतच नाहीत, दीर्घ आ साठी उभा अलिफ येतो. त्यामुळे निजामाच्या काळचा कारकून कितीही घाईने लिहीत असला तरी 'म'नंतर अलिफ आहे की नाही, एवढे पाहून धर्मापुरी आणि धर्मपुरी वेगळे करता येतात. धर्मापुरीकर आडनावाच्या घराने आपला मूळ कागद शोधायचा तर त्यात सर्वांत आधी ही एक उभी रेघ शोधावी.

वकील मात्र त्याच उर्दू कागदातली दुसरी अडचण दाखवतात.

वकीलसाहेब : "अलिफ सापडला, बरं. पण उर्दूत गावावरून माणसाची ओळख सांगायची रीत निराळी आहे. गावाच्या नावाला शेवटी 'ई' लावायची. औरंगाबादचा कवी सिराज, तो सिराज औरंगाबादी. गोरखपूरचा फिराक, तो फिराक गोरखपुरी. आता कागदावर एखाद्याच्या नावापुढं नुसतं 'धर्मापुरी' लिहिलेलं दिसलं तर काय समजायचं? राहणार धर्मापुरी? की धर्मापूर नावाच्या कुठल्याशा गावचा? की ते आडनावच? 'ई' गावाच्या नावातच असल्यानं तीन अर्थ एका शब्दात बसतात. कोर्टात असा कागद मी लावला तर समोरचा वकील तो पाच मिनिटांत फाडेल."

गुरुजी : "म्हणून तर 'कर' हवा. तो लावला की संशय गेला."

वकीलसाहेब : "एक गेला, दुसरा आला. 'कर' म्हणजे नक्की काय? तिथं जन्मलेला? तिथून आलेला? तिथं राज्य करणारा? तिथं वतन असलेला?"

हा प्रश्न मराठीतल्या सगळ्याच ग्रामवाचक आडनावांना लागू आहे आणि इतिहासाने त्याची एकापेक्षा अधिक उत्तरे दिली आहेत. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झाले, फलटणजवळच्या निंबळकावरून निंबाळकर झाले. दोन्ही ठिकाणी गाव मूळचे, सत्ता नंतर दूर जाऊन मिळवलेली. मल्हारराव माळव्यात सुभेदार झाले, इंदूर उभे राहिले, पण घराणे इंदूरकर झाले नाही. नागपूरच्या भोसल्यांचे याच्या उलट घडले. हिंगणी गावावरून त्यांना आधी हिंगणीकर म्हणत. अठराव्या शतकात रघूजी भोसल्यांनी नागपूरला गादी स्थापली आणि हिंगणीकर भोसले नागपूरकर भोसले झाले. एकाच घराण्याला लागलेल्या एकाच प्रत्ययाने आधी 'कुठून आले' ते सांगितले आणि नंतर 'कुठे बसले' ते.

वारकरी परंपरेत तिसरा प्रकार दिसतो. देहूकर, सातारकर, आजरेकर, देगलूरकर ही फडांची आणि महाराज मंडळींची नावे गावांवरून आहेत. बाबामहाराज सातारकर यांचे आडनाव गोरे होते, हे त्यांच्या असंख्य श्रोत्यांना माहीतही नसे. येथे गावाचे नाव म्हणजे लोकांनी दिलेली सार्वजनिक ओळख. मराठवाड्याच्या राजकारणात आणखी एक गरज होती. पाटील आडनावाची माणसे इतकी, की नुसत्या पाटलाने ओळख पटेना. म्हणून शिवाजीराव पाटील निलंगेकर, शिवराज पाटील चाकूरकर. निलंगेकर १९८५-८६ मध्ये मुख्यमंत्री होते, चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष आणि पुढे केंद्रीय गृहमंत्री. दोघांच्याही नावात पाटील हे कुळ सांगते आणि 'कर' हे कोणते पाटील ते सांगते.

गुरुजी : "हे सगळं मान्य. पण यातलं प्रत्येक नाव गावाशी खरं नातं सांगतं. खोटं एकही नाही."

वकीलसाहेब : "खोटं म्हणत नाही. नातं कोणतं ते नावातून कळत नाही, एवढंच म्हणतो. विचारवंत नरहर कुरुंदकर घ्या. जन्म १९३२ चा, नांदापूरचा. सगळं कार्य नांदेडला. आडनाव वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचं. आडनावावरून जन्मगाव काढायला गेलात तर चुकलात, कर्मभूमी काढायला गेलात तरी चुकलात."

गुरुजी : "पण मूळ काढायला गेलो तर बरोबर आलो."

वकीलसाहेब : "तेही आपण ते गाव आधीपासून ओळखतो म्हणून. आणि काही वेळा माणूस आडनाव विचार करून घेतो. गायक दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव स्वतः घेतलं. घराण्याच्या आधीच्या आडनावापेक्षा त्यांना मंगेशाचं गाव जवळचं वाटलं."

निवडलेल्या आडनावांची बाजू केवळ कलावंतांपुरती नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावावरून सकपाळ कुटुंबाचे आंबडवेकर झाले, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढच्या काळात जात दाखवणारे आडनाव टाकून गावावरून आडनाव घेणारी अनेक कुटुंबे महाराष्ट्रात झाली. गावाच्या नावाला जात नसते. त्या गावचा ब्राह्मणही 'कर' होऊ शकतो, मराठाही, लिंगायतही, दलितही. त्यामुळे धर्मापुरीकर या आडनावावरून कोणाची जात किंवा सोयरसंबंध ठरवायला जाणे निरर्थक आहे. एकाच गावातून निघालेली, एकमेकांशी रक्ताचे काही नाते नसलेली दोन घरे हेच आडनाव लावू शकतात. उलट, एकाच घरातला एक भाऊ कुलकर्णी राहून दुसरा गावकर होतो, हेही मराठवाड्यात नवे नाही.

आता आडनाव विरळ का, हा प्रश्न. गुरुजींचे उत्तर साधे आहे: गाव लहान, म्हणून आडनाव विरळ. वकिलांना ते पुरेसे वाटत नाही, आणि या एका मुद्द्यावर त्यांचे म्हणणे जास्त खोल जाते.

वकीलसाहेब : "गुरुजी, तुम्ही परळी तालुक्यात फिरा. मुंडे, फड, गित्ते, कराड ही आडनावं पावलोपावली भेटतील. खुद्द धर्मापुरीत कोणी कोणाला धर्मापुरीकर म्हणून हाक मारील का? सगळेच धर्मापुरीचे. तिथं त्या नावाचा उपयोग शून्य. हे नाव गावाबाहेर गेलेल्यालाच मिळतं."

गुरुजी : "बरं. म्हणजे बाहेर गेलेले कमी."

वकीलसाहेब : "तेवढंच नाही. किती लांब गेला, ते बघा. अंबाजोगाईला गेला तर तो रोज गावी परततो, त्याला नवं नाव लागत नाही. फार लांब गेला, हैदराबादेला किंवा पुण्याला, तर तिथं धर्मापुरी कोणाला माहीत? तिथले लोक त्याला बीडकर म्हणतील, फार तर परळीकर. धर्मापुरीकर हे नाव चिकटणार ते मधल्या पट्ट्यात. लातूर, परभणी, नांदेड एवढ्या अंतरावर. तिथं माणूस परका असतो, पण त्याच्या गावाचं नाव लोकांनी ऐकलेलं असतं. हा पट्टा अरुंद, म्हणून आडनाव विरळ."

गावावरून पडणाऱ्या आडनावांचे हेच खरे गमक आहे. आडनाव देणारे लोक शेजारचे असतात, घेणारा पाहुणा असतो. ज्या गावाचे नाव दूरवर माहीत, त्याचे आडनाव दूरवर पसरते. ज्याचे नाव दोन-तीन जिल्ह्यांपुरते, त्याचे आडनावही तेवढ्यातच जन्मते. एकदा जन्मल्यावर मात्र ते कुठेही जाऊ शकते. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचे उदाहरण याला उत्तम आहे. किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे रायगड जिल्ह्यातल्या लहान-मोठ्या गावांवरून आली. मुंबईच्या परिसरात ही गावे सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून ओळखीला उपयोगी पडली. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या नावातही अलिबागजवळचे किहीम आहे. १९४८ नंतर ही कुटुंबे मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. लोद, अश्दोद, दिमोना येथे आज किहीम कुठे आहे हे शेजाऱ्याला सांगूनही कळणार नाही, तरी काही घरांत ती आडनावे टिकून आहेत. नाव पाडण्याचा टप्पा आणि नाव टिकवण्याचा टप्पा असे दोन वेगळे असतात. दुसऱ्या टप्प्याला गाव माहीत असण्याची गरज नसते.

गुरुजींनी यावर आडनावाच्या रूपाकडे लक्ष वेधले. मंगेशीचे मंगेशकर झाले, कुरुंद्याचे कुरुंदकर, साताऱ्याचे सातारकर, म्हणजे वापरात शेवटचा स्वर गळून नाव आखूड झाले. निलंग्याचे निलंगेकर आणि औशाचे औसेकर यांत सामान्यरूपाचा एकार आला. आंबडवेकरचे आंबेडकर होताना तर मधले अक्षरच गळाले. धर्मापुरीकर यात काहीच झिजले नाही. सहा अक्षरांचे नाव, आणि गाव त्यात अखंड.

गुरुजी : "याचा अर्थ आडनाव फार जुनं नाही, हे मी मान्य करतो. पण ज्यानं ते लिहिलं त्याला गावाचं नाव नीट आठवत होतं, आणि ते मोडायची त्याची तयारी नव्हती."

वकीलसाहेब : "किंवा शाळेच्या रजिस्टरात मास्तरांनी सरळ गावाचं नाव विचारून पुढं 'कर' लिहिला. झीज व्हायला बोलण्यातल्या दोन-तीन पिढ्या लागतात. नाव आधीच कागदावर गेलं असेल तर ते झिजत नाही."

दोन्ही अनुमाने एकाच दिशेला जातात: आडनाव लेखी नोंदींच्या काळात पक्के झालेले दिसते. परळीकर, सांगलीकर, बारामतीकर यांतही शेवटचा ईकार टिकला आहे, म्हणून केवळ रूपावरून निश्चित काळ काढता येणार नाही. पण नोंदवहीच्या काळाकडे बोट दाखवायला ते पुरेसे आहे.

आडनावाचा प्रसार मोजण्याची सोय भारतात फारशी नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०१० च्या गणनेतून शंभर किंवा अधिक वेळा आलेली १,६२,२५३ आडनावे संख्येसह प्रसिद्ध केली. भारतात १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय असते आणि आडनावनिहाय तक्ते निघत नाहीत. मतदार याद्या उघड असतात, पण त्या मतदान केंद्रानुसार असतात. त्यातून एखादे आडनाव वेचायचे तर चिकाटी लागते. म्हणून अमुक आडनाव इतक्या लोकांचे आहे असे ठामपणे सांगणारे आकडे कोणी पुढे केले, तर ते कुठून आले हे आधी विचारावे.

शेवटी वाद पुराव्याच्या स्थळांवर आला, आणि तेथे गुरुजींनी वकिलांना वाट दिली.

वकीलसाहेब : "घराचा उगम शोधायचा तर तीन ठिकाणं. पहिलं, शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही. त्यात मुलाचं पूर्ण नाव, जन्मगाव आणि आधीची शाळा असते. दुसरं, महसुली दप्तर. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. निजामी कागदावर साल फसली असतं. त्यात ५९० मिळवा, ढोबळ इसवी सन येतो. १३४५ फसली म्हणजे १९३५-३६. उर्दू आणि मोडी वाचणारे मिळाले पाहिजेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातली ही दप्तरं कुणबी नोंदींकरता उघडली गेली, तेव्हा वाचणाऱ्यांची टंचाई किती आहे ते सगळ्यांना कळलं."

गुरुजी : "आणि तिसरं मी सांगतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये. त्यांच्या नामावळीत तुमच्या आजोबा-पणजोबांची सही किंवा नोंद असेल. ते आधी गाव विचारतात, मग आडनाव. तिथं आडनाव कुलकर्णी आणि गाव धर्मापुरी अशी नोंद सापडली, आणि पुढच्या पिढीत धर्मापुरीकर, तर तुमचा पुरावा पुरा झाला का नाही?"

वकीलसाहेब : "झाला. असा जोड कागद मिळाला तर मी हरकत घेणार नाही."

उगमाबाबत निष्कर्ष असा की धर्मापुरीकर हे आडनाव बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीशी जोडणे योग्य आहे. प्रत्यय मराठी आहे, काना त्याच गावाचा आहे, आणि नाव पडण्याजोगा पट्टाही त्याच गावाभोवतीचा आहे. हा निष्कर्ष आडनावाचा आहे. कोणत्याही एका घराचा उगम त्याच्या स्वतःच्या कागदावरच ठरेल. मराठवाड्यातल्या जुन्या शाळांची निजामकालीन रजिस्टरे अनेक ठिकाणी कपाटाच्या तळाशी, वाळवी आणि ओल सोसत पडून आहेत. ज्या घरांचे आडनाव गावावरून आहे, त्यांनी आजोबांच्या शाळेत अर्ज करून त्या पानाची साक्षांकित नक्कल या वर्षीच काढून घ्यावी, आणि पान उर्दूत असेल तर ते वाचू शकणारा माणूस हयात आहे तोवर वाचून घ्यावे.